तोरणमाळची सुपारी

मोतीलालभाऊंनी आजवर चढलेला सर्वांत अवघड चढ म्हणजे जळगावातल्या त्यांच्या कचेरीचा जिना. मधल्या टप्प्यावर एक सूचनाफलक होता. तिथे ते रोज थांबून त्यावरची नोटीस वाचत. नोटीस कित्येक वर्षं तीच होती, पण हेडक्लार्कने दम खायला थांबणं बरं दिसत नाही, नोटीस वाचणं शोभून दिसतं. अशा माणसाने एका रविवारी सकाळी, कोणी गळ्यावर सुरी ठेवलेली नसताना, फोनवर "डोंगर का? अहो, सातपुडा म्हणजे आमचं परसदार!" असं म्हणावं, याला काय म्हणायचं?

फोन पुण्याहून होता. मोतीलालभाऊंची मुलगी ज्योती तिथे नोकरीला होती आणि तिच्याच ऑफिसातल्या दीपक नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा आपल्यातलाच निघाला, त्याचे आजोबा धुळ्याहून पुण्याला गेलेले निघाले आणि त्याची आई सुलक्षणाबाई तर रावेरच्या केळीवाल्यांची लेक निघाली. एवढं सगळं आपोआप जुळल्यावर खरं म्हणजे कांदेपोहे करायचे आणि मोकळं व्हायचं. पण मुलाचे वडील, योगराजराव, बँकेतून निवृत्त झाल्यापासून डोंगर चढत असत. त्यांचं म्हणणं पडलं की बघण्याचा कार्यक्रम वगैरे नको. दोन्ही घरांनी मिळून दोन दिवस डोंगरात, तळ्याकाठी फिरावं. माणूस दिवाणखान्यात कळत नाही, वाटेवर कळतो. अट एवढीच की प्रत्येकाने आपलं ओझं आपण उचलायचं आणि परत येईपर्यंत लग्नाचा विषय कोणी काढायचा नाही.

"मग तोरणमाळ!" मोतीलालभाऊ म्हणाले. तोरणमाळ त्यांनी एका कॅलेंडरवर पाहिलं होतं.

मागोमाग ज्योतीचा फोन आला. "पप्पा, एवढं सांभाळा. फार पाहुणचार करू नका. त्यांना साधेपणा आवडतो." मग हळूच म्हणाली, "मला हे घर खरंच आवडलंय हो." ही मुलगी कधी काही मागत नसे. ते वाक्य मोतीलालभाऊंनी थेट तोरणमाळपर्यंत सोबत नेलं.

आता बातमी वरच्या मजल्यावर गेली. वर तोताराम नाना राहत. ते मोतीलालभाऊंचे लांबचे चुलतभाऊ, वयाने मोठे, आणि एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे ते साधं बोलले तरी घोषणा झाल्यासारखं वाटे. "जळगाव, धरणगाव, चोपडा, शिरपूर, शहादा, तोरणमाळ," नाना जिन्यातूनच म्हणाले. "मी सोबत आहे. घरातलं वडीलधारं माणूस नसताना सोयरीक बघायला जातात का?"

"नाना, सोयरीक म्हणायचं नाही. फिरायला चाललोय."

"म्हणू नकोस. पण मी येतोय."

बाकीच्या गल्लीनेही हात आखडता घेतला नाही. कोणी खिशात कांदा ठेवायला सांगितला, म्हणजे ऊन लागत नाही. डिसेंबर होता, तरी ठेवायला सांगितला. दोन घरं सोडून राहणाऱ्या सुकदेवने स्वतःच्या ओळखीच्या दुकानातून डोंगराचे बूट आणवले. ते एका नंबराने लहान होते. "चालून चालून सैल होतात," असं दुकानदाराने सांगितल्याचं सुकदेवने सांगितलं. मोतीलालभाऊ घरातल्या घरात बूट घालून हिंडू लागले. बूट सैल झाले नाहीत, पाय मात्र अरुंद झाल्यासारखे वाटू लागले.

खरी अडचण जेवणाची होती. योगराजरावांनी कळवलं होतं की दुपारी तळ्याकाठी खजूर आणि चिक्की खाऊ. हे ऐकून मोतीलालभाऊंची बायको कोकिळाबाई खालीच बसल्या. होणारे व्याही पहिल्यांदा खानदेशात येणार आणि खजूर खाऊन जाणार? ऐन हिवाळ्यात, हिरवी वांगी बाजारात ढिगाने आलेली असताना? लोक तोंडात शेण घालतील. "साधेपणाच हवा ना? भरीत साधंच असतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याला पिशवी देऊन वांगी आणायला पिटाळलं. आता भरीत करायचं म्हणजे वांगी गॅसवर भाजून चालत नाहीत, ती पऱ्हाटीवर भाजावी लागतात. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडं. तेव्हा निघायच्या दिवशी जीपच्या टपावर पऱ्हाटीचे दोन भारे, मागच्या बाकाखाली वांग्यांचं पोतं, पाटा, वरवंटा, तेलाचा डबा आणि केळीची पानं, असा साधेपणा बांधून तयार होता.

रेल्वेने आलेले पुण्याचे पाहुणे ज्योती आणि दीपकसह स्टेशनाबाहेर पडले. योगराजरावांच्या पाठीवर छोटीशी पिशवी आणि हातात घडीच्या दोन काठ्या होत्या. त्यांनी टपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"परत येताना लागतात," मोतीलालभाऊ म्हणाले. यात काही अर्थ नव्हता, पण योगराजराव सभ्य गृहस्थ असल्यामुळे त्यांनी पुढे विचारलं नाही. सुलक्षणाबाई अबोल होत्या. त्यांची पिशवी मात्र नवऱ्याच्या दुप्पट फुगलेली होती आणि जीपचालक चिंधा ती उचलायला गेला, तर त्यांनी ती झटकन छातीशी धरली. "ज्याचं ओझं त्याने," त्या पुणेरी स्वरात म्हणाल्या. मोतीलालभाऊंना वाटलं, ही बाई नवऱ्यापेक्षा कडक दिसते.

धरणगावात थांबायचं नाही, असं ठरलं होतं. पण धरणगावात मोतीलालभाऊंची थोरली बहीण बेबाबाई, म्हणजे अक्का, दिलेली होती, आणि गावाच्या वळणावर ती स्वतः रस्त्यात उभी होती. तिला कोणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. नाना खिडकीतून बाहेर बघत होते.

"दारवरथून जाशी अन् घरमा येवाव नही?" अक्का जीपच्या पुढेच उभी राहून म्हणाली. "मी मरी गऊ का?"

यावर ब्रेक लावण्याखेरीज चिंधा काय करणार? सकाळच्या प्रहरी शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढ्यात आला. योगराजराव "मी सकाळी फक्त फळं घेतो" म्हणाले. अक्काने मान डोलावली आणि ताटात फळं म्हणून चार केळी जास्तीची ठेवली. मग टॉवेल-टोपी आली. पाहुणा घरी आला की त्याच्या खांद्यावर नवा टॉवेल, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात नारळ, यात आमच्याकडे तडजोड नाही. योगराजराव नारळ धरून जीपमध्ये बसले, तेव्हा त्यांच्या कपाळाला ठेच्याचा घाम आला होता. "एवढं कशाला?" ते पुटपुटले. मागून ज्योतीने वडिलांकडे असं पाहिलं की मोतीलालभाऊ पुढची बरीच वाट नाकासमोर बघत बसले.

शिरपुरात भिकुबाई फुई होती. फुई म्हणजे मोतीलालभाऊंच्या वडिलांची थोरली बहीण. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं, साखरेचा आजार मात्र सगळ्यांना ठाऊक होता. तिच्या दारात जीप थांबली तेव्हा मोतीलालभाऊंनी मनाशी ठरवलं होतं की चहा, टोपी आणि निघायचं. पुण्याच्या मंडळींना अंगणात खाटेवर बसवून ते आणि नाना फुईच्या पाया पडायला आत गेले, आणि उंबऱ्यातच थबकले.

आत पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी होती. पाटावर तांदळाची रास, राशीवर विड्याचं पान, पानावर हळदीकुंकू वाहिलेली अख्खी सुपारी. बाजूला अडकित्ता. साखरेचं ताट तयार होतं आणि भिंतीला टेकून शेजारच्या चार म्हाताऱ्या साखरेची वाट बघत बसल्या होत्या.

"फुई, हाई काय शे?"

"काय शे म्हंजे? सुपारी फोडाले उनात ना तुम्ही? तोतारामनी फोन करा."

मोतीलालभाऊंनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "मी फक्त गाडीची वेळ कळवली. बाकी फुईने स्वतः ठरवलं."

सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. ज्यांनी लग्न हा शब्दही काढू नका म्हणून बजावलं, ते बाहेर खाटेवर चहा पीत होते, आणि इथे आणखी दोन मिनिटांत त्यांना आत बोलावून त्यांच्या समक्ष अडकित्ता चालणार होता. पुढचं मोतीलालभाऊंना स्वच्छ दिसलं. योगराजराव नम्रपणे उठतात, नम्रपणे परतीच्या गाडीची चौकशी करतात, ज्योती काही बोलत नाही. ती काही बोलत नाही, हेच त्यांना सहन झालं नाही. त्यांनी पुढे होऊन सुपारी उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

भिंतीजवळच्या चारही म्हाताऱ्या एकदम "अगंऽ बाई" म्हणाल्या. फुईचा चेहरा पाहून मोतीलालभाऊंना लहानपणी खाल्लेला मार आठवला.

"मांडेल सुपारी उचली ली? अशी उचलतस का कोनी?"

"फुई, तोरणमाळवर फोडसूत. गोरखनाथना समोर. चांगलं ऱ्हाई," मोतीलालभाऊंच्या तोंडून निघून गेलं.

फुईने विचार केला. गोरखनाथाला ती नाही म्हणू शकत नव्हती. "ठीक शे," ती म्हणाली. "पन दिवस मावळाना पहिले फुटाले पाहिजे. फुटनी की फोन कर. तवलगून मी अन्नले हात लावाव नही."

"फुई, तुले शुगर शे!"

"मंग लवकर फोड."

असा सगळा प्रकार झाला. बाहेर येऊन योगराजरावांना दुसरी टोपी घालण्यात आली. जीप निघाली, आणि आता खिशातल्या कांद्याशेजारी सुपारी होती. संध्याकाळच्या आत फोडली नाही तर म्हातारी उपाशी, फोडली तर सोयरीक मोडायची भीती, आणि ज्यांच्या संमतीने फोडायची त्यांच्यासमोर नाव काढायची सोय नाही. नाना कानाशी लागून म्हणाले, "फुटली म्हणून फोन करून टाक. कोण बघतंय?" मोतीलालभाऊंनी नोकरीत साहेबांच्या वतीने हजार वेळा खोटं सांगितलं होतं. पण सुपारीच्या बाबतीत खोटं बोलायचं म्हणजे... उद्या काही फिसकटलं, तर आयुष्यभर वाटेल की आपल्यामुळे फिसकटलं. त्यांची जीभ रेटेना. शहाद्याच्या पुढे फुईचाच फोन आला. "फुटनी का?" "नही." फोन बंद. डोंगर लागला आणि मोबाइलमधला टॉवरही गेला. याचं आधी त्यांना बरं वाटलं. मग लक्षात आलं की आता सुपारी फुटली तरी फुईला कळवता येणार नाही.

घाटाच्या तोंडाशी वनखात्याचा नाका होता. खाकी कपड्यातले रक्षक रतिलाल बाहेर आले आणि त्यांनी टपाकडे बोट दाखवलं.

"लाकूड कुठून आणलं?"

"लाकूड नाही, पऱ्हाटी आहे. जळगावहून आणली. भरताची वांगी भाजायला."

"जंगलात विस्तव पेटवायला बंदी आहे. आत नेता येणार नाही."

"मग इथे ठेवतो."

"विनानोंद लाकूड नाक्यावर ठेवलं, तर साहेब म्हणतील मीच तोडलं. ठेवता येणार नाही."

"बरं, चिंधा परत खाली नेऊन टाकेल."

"नाक्याला लागलेलं लाकूड पासाशिवाय परत जात नाही. पासावर साहेबांची सही लागते. साहेब फिरतीवर आहेत."

आत नेता येत नाही, ठेवता येत नाही, परतही नेता येत नाही. मोतीलालभाऊंचा जीव सुपारीपाशी अडकलेला होता, तरी क्षणभर त्यांना कौतुक वाटल्यावाचून राहिलं नाही. इतकं गोळीबंद काम त्यांच्या कचेरीतही फार कमी जणांना जमायचं. योगराजराव खाली उतरून घड्याळ बघत होते. त्यांच्या बेताप्रमाणे एव्हाना तळ्याला अर्धी फेरी झालेली असायला हवी होती. सूर्य काही फिरतीवर नव्हता, तो आपल्या वेळेने खाली चालला होता. शेवटी मोतीलालभाऊंमधला हेडक्लार्क जागा झाला.

"साहेब," ते रतिलालांना म्हणाले, "हे भारे आमचे नाहीतच. रस्त्याच्या कडेला बेवारस पडले होते. आम्ही जागरूक नागरिक म्हणून उचलून तुमच्या स्वाधीन करायला आणले. तुम्ही पंचनामा करा. हे नाना एक पंच, हा चिंधा दुसरा."

रतिलाल पहिल्यांदाच हसले. "कोणत्या खात्यात आहात?" त्यांनी विचारलं. पंचनामा रीतसर झाला. नानांनी घोषणेच्या आवाजात साक्ष दिली. मग रतिलाल आत जाणाऱ्यांची नावं लिहू लागले. "हे पुण्याचे कोण तुमचे? नातं?"

आता आली का पंचाईत? मोतीलालभाऊंनी एकदा योगराजरावांकडे पाहिलं, एकदा ज्योतीकडे. "हे... म्हणजे... ओळखीचे," ते म्हणाले. रतिलालांनी 'ओळखीचे' असं लिहिलं. सुलक्षणाबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट आवळली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. त्या पाहण्यात राग होता की काय, या विचाराने घाटातली एकूण एक वळणं मोतीलालभाऊंना डबल लागली.

तोरणमाळला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. योगराजरावांनी काठ्या उघडल्या. "उशीर झाला, पण तळ्याकाठून गोरखनाथाच्या मंदिरापर्यंत चालू या," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात नाराजी होती आणि ती त्यांनी लपवलीही नव्हती. सगळे निघाले. पुढे योगराजराव, त्यांच्या मागे दीपक आणि ज्योती, मग बायका, मग नाना, आणि सगळ्यांत मागे सातपुडा ज्यांचं परसदार होता ते मोतीलालभाऊ. बुटांनी चावायला सुरुवात केली होती. पाठीवरच्या पिशवीत कोकिळाबाईंनी चिवड्याचा डबा, लोणच्याची बरणी आणि कशासाठी कोण जाणे एक तांब्या भरला होता. तळं सुंदर होतं, असं पुढचे लोक म्हणत होते. मोतीलालभाऊंना फक्त सूर्य दिसत होता आणि शिरपुरात भिंतीला टेकून बसलेली उपाशी म्हातारी दिसत होती.

मंदिर नजरेच्या टप्प्यात आलं आणि त्यांचे पाय संपले. तळ्याच्या काठावर बसून त्यांनी बूट ओढून काढले, आणि पाण्यात पाय सोडावेत म्हणून ते वाकले. खिशातून आधी कांदा पडला. त्याच्या मागोमाग, डुबुक्, सुपारी.

त्यांनी मागचापुढचा विचार केला नाही. पॅन्ट, पिशवी, तांब्या यांच्यासकट ते तळ्यात उतरले. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण खाली चिखल होता. ते दोन्ही हातांनी तळ चाचपू लागले. एकदा हाताला गोटा लागला, एकदा कांदा लागला, मग पाय सरकला आणि ते गळ्यापर्यंत पाण्यात बसले.

"अहो, काय करताय?" कोकिळाबाई किंचाळल्या. दीपक धावत पाण्यात उतरला. योगराजराव काठी पुढे करून ओरडले, "मोतीलालराव, काठी धरा! काय हरवलं?"

"सुपारी," मोतीलालभाऊ म्हणाले.

"सुपारीसाठी? एवढं व्यसन आहे तुम्हाला?"

"अहो, हे सुपारीचं खांडसुद्धा खात नाहीत!" कोकिळाबाई कळवळून म्हणाल्या. ज्योती काठावर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पप्पा, काय झालं ते सांगा ना," ती म्हणाली.

गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाला प्रतिष्ठा सांभाळायची नसते, हा एक फायदा आहे. मोतीलालभाऊंनी सगळं सांगून टाकलं. फुई, पाट, अडकित्ता, शुगर, गोरखनाथ, सगळं. "योगराजराव, तुमची अट मोडायची नव्हती हो. पोरीने एवढंच मागितलं होतं. पण ती म्हातारी उपाशी बसली आहे, आणि मला आता काही सुचत नाही." नाना शेजारच्या झाडाचं फार बारकाईने निरीक्षण करत होते.

योगराजरावांची काठी तशीच पुढे धरलेली होती. आणि मग सुलक्षणाबाईंनी दिवसभर छातीशी धरलेली पिशवी खाली ठेवली आणि तिचा बंद सोडला. आतून एक नारळ निघाला. मग खण निघाला, हिरवी साडी निघाली, साखरेची पुडी निघाली आणि शेवटी कागदात गुंडाळलेली हळद लावलेली सुपारी.

योगराजराव बघतच राहिले. "सुलक्षणा! विषय काढायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"मी तं एक शब्द नाही बोलली!" सुलक्षणाबाई म्हणाल्या. पुण्यातली तीस वर्षं कुठल्या कुठे गेली आणि रावेर बोलू लागलं. "तुमी म्हने बोलू नका, मी नाही बोलली. पन पोरीच्या घरी पहिल्यांदा जायचं अन् रिकाम्या हातानं जायचं का? धरनगावापासून मी वाट पाहू राह्यली, कोनी विषय काढते का. आन् यांनी त्या नाक्यावर 'ओळखीचे' सांगितलं! मले इतका राग आला की काय सांगू!"

योगराजरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. बायकोकडे पाहिलं, पाण्यात दीपकने धरून उभ्या केलेल्या मोतीलालभाऊंकडे पाहिलं. मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ते काठावर बसले आणि डोळे पुसत हसत राहिले. "अहो, बाहेर या आधी," ते म्हणाले. "दिवस मावळतोय."

अडकित्ता कोणाकडेच नव्हता. गोरखनाथासमोर, पायरीशेजारच्या धोंड्यावर, योगराजरावांनी सुपारी धरली आणि मोतीलालभाऊंनी दगडाने फोडली. पहिला घाव योगराजरावांच्या अंगठ्यावर बसला, दुसऱ्या घावाला लग्न ठरलं. सुलक्षणाबाईंनी ज्योतीला कुंकू लावलं, कोकिळाबाईंनी दीपकला. साखर वाटली गेली. मोतीलालभाऊंनी साखर तोंडात टाकली आणि ते ओरडले, "फुई!"

मंदिराजवळच्या चहाच्या टपरीवाल्याने समोरच्या टेकडीकडे हात केला. टॉवर फक्त तिथे, अगदी माथ्यावर लागतो. सूर्य डोंगराच्या कडेला टेकायला आला होता. आणि मग ज्या चढाईसाठी हा सगळा खटाटोप केला होता ती चढाई झाली. मोतीलालभाऊ अनवाणी, ओल्या कपड्यांत, अंगावर योगराजरावांचा धरणगावचा टॉवेल घेऊन पुढे निघाले. ना नोटीस वाचायला थांबले, ना दम खायला. मागून काठ्या आपटत योगराजराव ओरडत होते, "अहो, हळू! छातीवर ताण येतो!" बायका पदर खोचून चढत होत्या. ज्योती बापाच्या बरोबरीने धावत होती. नाना खालूनच "तोरणमाळ, शिरपूर, अतिजलद" असं काहीतरी ओरडले आणि एका दगडावर बसले.

माथ्यावर मोबाइलमध्ये दोन रेघा उमटल्या. घंटी वाजली. सगळे वाकून ऐकू लागले.

"कोन?"

"फुई, फुटनी! सुपारी फुटनी! दिवस मावळाना पहिले!"

"बरं व्हयनं. माले माहीतच व्हतं."

"आते जेव माय! पहिले जेवी ले!"

"आते? आते काबर? मी तं दुपारलेच जेवनू."

मोतीलालभाऊ गवतात बसले. "फुई... तू तं अन्नले हात लावाव नही म्हने!"

"माले शुगर शे ना भाऊ. डाक्तरनी सांगेल शे, उपाशी ऱ्हावानं नही. तुम्ही गयात अन् सूननी भाकर करी."

"मंग सांगं काबर नही?"

"सांगतू, तं तू फोडता का?" फुई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मोतीलालभाऊंना आधी राग आला. पण ज्योतीचं लग्न ठरलं होतं आणि म्हातारी जेवलेली होती. त्यांना इतकं हलकं वाटलं की हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडंथोडं केलं. ज्योती त्यांच्याजवळ बसली आणि टॉवेलने त्यांचं डोकं पुसू लागली. खाली तळं पसरलं होतं. ते खरंच सुंदर होतं, आणि मोतीलालभाऊ ते पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी परतताना नाक्यावर रतिलालांनी जीप थांबवली. पऱ्हाटीचे भारे तसेच होते. बेवारस मालावर कोणी हक्क सांगितला नाही, आणि नाक्याच्या अलीकडे विस्तवाला बंदी नाही, असा त्यांचा निकाल होता. तेव्हा पऱ्हाटी तिथेच पेटली. कोकिळाबाई आणि सुलक्षणाबाई वांगी फिरवत होत्या आणि मिरच्या किती घालायच्या यावर भांडत होत्या. योगराजराव दोन्ही टोप्या एकावर एक घालून पाट्याशी बसले होते आणि खजुराचं नाव काढत नव्हते.

भरताचा पहिला घास खाऊन रतिलालांना आपलं काम आठवलं. त्यांनी बाहेर जाणाऱ्यांची नावं लिहायला घेतली. "हे पुण्याचे ओळखीचे," ते लिहिता लिहिता म्हणाले, "तीन की—"

"थांबा," मोतीलालभाऊ म्हणाले. ते उठून उभे राहिले. अनवाणीच होते, बूट त्यांनी चिंधाला देऊन टाकले होते. "ते खोडा. ओळखीचे नाही. हे माझे व्याही आहेत."

रतिलालांनी खोडलं आणि लिहिलं. मोतीलालभाऊंनी खाली वाकून ते नीट वाचून पाहिलं.